आधी ताट, मग वाफा : इंदूरच्या शाळेत भाजीची बाग आणि ऋतूचा स्वयंपाक

शाळेतली भाजीची बाग बहुधा पहिल्या पावसात मोठ्या उत्साहाने लागते आणि सहामाही परीक्षेच्या सुमारास वाळते. पाणी आणि खत दोन्ही असतं, पण आलेल्या भाजीचं करायचं काय हे कुणी ठरवलेलं नसतं. चार भेंड्या इथे, दोन वांगी तिथे. मुलांना त्यात रस उरत नाही, शिक्षकांना तर नाहीच.

म्हणून सुरुवात बियाण्याच्या दुकानापासून करू नका, ताटापासून करा. वर्षाचे तीन स्वयंपाक आधी पक्के करा आणि तिथून उलट मोजत पेरणीच्या तारखेपर्यंत या. इंदूरच्या मराठी मुलांच्या घरात हे तीन पदार्थ आयते आहेत : भुट्ट्याचा कीस, ऋषिपंचमीची भाजी, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी-भाकरी. तिन्ही पदार्थ त्या त्या ऋतूत जे पिकतं त्यातूनच तयार झालेले आहेत, त्यामुळे आपल्याला वेगळं काही जुळवावं लागत नाही. वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं असतील तर सणाचं नाव मागे ठेवून ‘पावसाळ्याची भाजी’ आणि ‘थंडीची भाजी’ म्हणा.

ऋषिपंचमीच्या भाजीचा एक नियम मुलांना जरूर सांगा. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, माणसाने हाताने पिकवलेलंच खायचं. कुदळीने खणलेला शाळेचा वाफा हा नियम अक्षरशः पाळतो.

तारखेवरून मागे मोजणं

भोगी सोपी, कारण ती १३ जानेवारीच्या आसपासच येते. ऋषिपंचमी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही असू शकते, त्यामुळे त्या वर्षीची तारीख आधी बघा. सणाच्या दिवशी सुट्टी असली तर स्वयंपाक दोन दिवस मागेपुढे करा, भाजी रागावणार नाही.

इंदुरात पाऊस साधारण जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागतो. पेरणी २५ जूनला झाली असं धरू. माठ २५ ते ३० दिवसांत खुडायला येतो. भेंडी ४५ ते ५० दिवसांत सुरू होते आणि पुढे महिनाभर एक दिवसाआड देत राहते. गवार ५० ते ५५, दोडका आणि गिलकं ५५ ते ६० दिवस घेतात. भुट्टा दुधात यायला ६५ ते ७५ दिवस लागतात, म्हणून तो १५ दिवसांच्या अंतराने दोनदा लावा. सण लवकर आला तर बाजारातून आणण्यात कमीपणा नाही. लाल भोपळ्याला तीन महिने लागतात आणि सुरणाला सात-आठ, तेव्हा हे दोन्ही विकतच घ्या.

भोगीसाठी : वांग्याची रोपं ऑगस्टच्या शेवटी टाकायची, महिन्याने लावणी. गाजर आणि हरभरा १० ऑक्टोबरपर्यंत. मटार ऑक्टोबरच्या शेवटी, मेथी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. वालपापडीची गंमत वेगळी. ती जुलैतच लावायची. गावरान वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलतच नाही. ऑगस्टमध्ये नुसता पाला वाढलेला बघून मुलं ‘बाई, हा वांझ आहे’ म्हणतील. उपटू देऊ नका.

हा हिशोब शिक्षकांनी फळ्यावर लिहून द्यायचा नाही. तिसरीच्या पुढच्या मुलांच्या हातात भिंतीवरचं कॅलेंडर द्या, पिकाचे दिवस सांगा, बाकी त्यांनाच मागे मोजू द्या. जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ ही गडबड त्यांच्याकडून एकदा झाली की पुन्हा होत नाही.

जागा आणि माती

रोज किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. रंग उडालेल्या जुन्या भिंतीपासून मीटरभर लांब राहा, कारण जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. शहरातल्या शाळांच्या मैदानात वरची बोटभर माती चांगली आणि खाली बांधकामाचा मलबा असं हमखास असतं. म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी हातभर खणून बघा.

माळव्याची काळी माती सुपीक आहे, पण हट्टी. पावसात ती फुगून चिखल होते, मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सपाट जमिनीत पावसाळी भाजी लावली तर जुलैच्या पहिल्या झडीत ती पिवळी पडून बसते. उपाय एकच, गादीवाफा. उंची २० ते २५ सेंटीमीटर, लांबी ३ मीटर, आणि रुंदी फक्त ८० सेंटीमीटर. मोठ्यांचा वाफा मीटरभर रुंद चालतो, पण दहा वर्षांच्या मुलाचा हात ४० सेंटीमीटरपुढे नीट पोहोचत नाही. हात पोहोचला नाही की पाय वाफ्यात जातो, आणि काळी ओली माती एकदा तुडवली की ती वीट झाली समजा. दोन वाफ्यांत ४५ सेंटीमीटरची वाट ठेवा. प्रत्येक वाफ्यात कुजलेलं खत चार घमेली, वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये मिसळून. थोडीशी वाळू घालून काळी माती सुधारेल ही समजूत सोडा. थोड्या वाळूने ती आणखी घट्ट बसते. काम करतं ते खतच.

माती काय आहे हे मुलांना बाटलीत दाखवा. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ दोन तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही तरंगत असते. पट्टीने थर मोजून टक्केवारी काढली की पाचवीचा एक धडा झाला.

४० मुलांच्या वर्गाला आठ वाफे, प्रत्येकी पाच मुलं. पावसाळ्यात दोन वाफे मक्याचे, आणि भेंडी, गवार, माठ, वालपापडी, तीळ, दोडका-गिलक्याचा मांडव असे एकेक. अळू वाफ्यात नको. त्याचे कंद पाण्याच्या टाकीची गळती किंवा भाजी धुतल्याचं पाणी जिथे जातं तिथे, अर्ध्या सावलीत, ४५ सेंटीमीटरवर लावा.

इंदूरचं खत इंदुरात

कंपोस्ट खताच्या ज्या ढिगाला जगभर सेंद्रिय शेतीची पुस्तकं ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती इथलीच. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत होते. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. त्यांचे सहकारी यशवंत वाड, आणि १९३१ साली दोघांनी मिळून या कामावर पुस्तक लिहिलं. इंदूरच्या मुलाला ओला कचरा-सुका कचरा शिकवावा लागत नाही, कचऱ्याच्या गाडीच्या गाण्यासकट तो पाठ असतो. पण ओल्या कचऱ्याचं पुढे काय होतं हे बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं.

मूळ पद्धतीतले खड्डे मोठे होते. शाळेत जमिनीवर १ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर उंच ढीग पुरतो. याहून लहान केला तर तापत नाही, आणि तापला नाही तर तणाचं बी मरत नाही. तळाशी काटक्या, म्हणजे खालून हवा जाते. मग थर : सुका पाला १५ सेंटीमीटर, ओला भाग (भाजीची सालं, हिरवं तण) ५ सेंटीमीटर, त्यावर शेणाचा पातळ काला एक बादली आणि दोन मुठी माती व लाकडाची राख. असं वरपर्यंत. निलगिरीचा पाला नको, शिजलेलं उरलंसुरलं अन्न तर अजिबात नको, उंदीर येतात.

ओल किती? मूठभर काढून घट्ट दाबा. पिळलेल्या फडक्यासारखं ओलं लागलं आणि बोटांतून एखादाच थेंब आला तर बरोबर. चौथ्या दिवशी मध्ये लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा, धरवणार नाही इतकी गरम लागते. (आधी मोठ्यांनी धरून बघायची.) १५व्या दिवशी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी, असं तीनदा उलथायचं, बाहेरचं आत, आतलं बाहेर. तीन महिन्यांनी पावसानंतरच्या मातीसारखा वास आला की खत झालं.

सडक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी. त्याच दिवशी उलथून सुका पाला घाला. मुंग्या झाल्या तर ढीग कोरडा आहे. सळई गारच राहिली तर हिरवा भाग किंवा शेण कमी पडलं. पावसाळ्यात ढिगावर पत्रा किंवा ताडपत्री हवीच. पहिल्या वर्षी जूनमध्ये स्वतःचं खत नसणार, ते विकत घ्या, पण पूर्ण कुजलेलं. ताजं शेण भाजीच्या वाफ्यात घालू नका. त्यात जंतू असतात, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, आणि गाजराला पाय फुटतात.

जीवामृताबद्दल, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खताबद्दल, सगळे विचारतात. २० लिटरला १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन २००-२०० ग्रॅम, मूठभर बांधावरची माती. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, दहापट पाणी घालून मुळाशी द्यायचं, आठवड्यात संपवायचं. ते मोठ्यांनी करावं, आणि कच्च्या खायच्या भाजीवर कधीच टाकू नये. ढीग चांगला असेल तर शाळेला त्याची फार गरज पडत नाही.

पेरणीतल्या चुका

पेरण्याआधी २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाच-सात दिवस ठेवा. १६ उगवल्या तर ८० टक्के, उत्तम. १० उगवल्या तर दुप्पट पेरा. बी सरळ वाणाचं घ्या, संकरित नको. पुढच्या वर्षी आपलंच बी वापरायचं आहे.

बी किती खोल? त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट. मुलं हमखास बोटभर खोल पुरतात, कारण पुरणं म्हणजे खोल असं त्यांना वाटतं. तिळासारखं बी वाळलेल्या मातीत मिसळून ओळीत सोडायला लावा. भेंडी रात्रभर भिजवून ४५ बाय ३० सेंटीमीटरवर, एका जागी दोन बिया. वाफ्यात किती झाडं बसतील हे गणित त्यांनाच करू द्या (दोन ओळी, प्रत्येकी दहा). उगवल्यावर दोनातलं एक रोप काढताना मुलं रडवेली होतात. उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजारच्याची मुळं हलत नाहीत.

मका एका लांब ओळीत लावला की कणसं बोळकी निघतात. त्याचे पराग वाऱ्याने पडतात, म्हणून तो चौकोनात लावायचा : शेजारचे दोन वाफे, चार ओळी, २५ सेंटीमीटरवर एक झाड. कणसाच्या शेंडीतला प्रत्येक केस एका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडला नाही तो दाणा रिकामा. सोलताना एखादं बोळकं कणीस निघालंच तर टाकू नका, परागीभवनाचा याहून चांगला तक्ता मिळत नाही.

दोडक्याची फुलं शाळेच्या वेळात मिटलेलीच दिसतात, कारण ती संध्याकाळी उमलतात. गिलक्याची आणि काकडीची मात्र सकाळी. म्हणून हाताने परागीभवन शिकवायचं तर गिलक्यावर : मागे छोटं फळ असलेलं मादीफूल, नुसता देठ असलेलं नर. नर तोडून, पाकळ्या काढून मादीच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. पहिल्या तासाला करा, दुपारी उपयोग नाही.

गाजराची रोपं कधीच लावायची नसतात. बी थेट वाफ्यात, अर्धा सेंटीमीटर खोल. उगवायला १० ते १५ दिवस लागतात, तोवर ओलं गोणपाट वर झाका, पण पहिला कोंब दिसला त्याच दिवशी काढा. सोमवारी काढू म्हणून शनिवारी राहिलं की कोंब पिवळे आणि लांबडे होतात. पुढे पाच सेंटीमीटरवर विरळणी.

हरभऱ्याला पाणी कमी. महिन्याने शेंडे खुडा, फांद्या वाढतात आणि कोवळ्या पाल्याची भाजीही होते. खुडल्यावर बोट चाटायला सांगा, आंबट लागतं. ती हरभऱ्याची आंब. पानांवरच्या बारीक केसांतून झाड आम्ल सोडतं.

इंदूरला नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून उपसून येतं, हे नळ सोडण्याआधी सांगून ठेवा. वाफ्यावर बोटभर जाडीचं वाळल्या पाल्याचं आच्छादन केलं तर हिवाळ्यात चार दिवसांनी पाणी पुरतं. वरची माती कोरडी दिसली म्हणजे तहान लागली असं नव्हे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघायचं. दिवाळीच्या सुट्टीची सोय सप्टेंबरमध्येच करा : चौकीदार किंवा जवळ राहणारी तीन घरं, नावं आणि वार लिहून. ‘कुणीतरी घालेल’ म्हटलं की कुणीच घालत नाही.

कीड आली की फवारणीआधी डोळे आणि कात्री. वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा आत अळी असते. शेंडा दोन बोटं खालून कापून बंद डब्यात टाकायचा, हे काम मुलं फार आवडीने करतात. भेंडीची पानं पिवळ्या जाळीची झाली तर तो केवडा रोग, विषाणूचा, पांढरी माशी पसरवते. झाड उपटून टाका, औषध नाही. माव्याला (रस शोषणाऱ्या बारीक किड्यांना) पाण्याची जोरदार धार पुरते. त्यापुढे निंबोळी अर्क : जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या मुलांकडून वेचून सावलीत वाळवायच्या, ५० ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी मोठ्यांनी फवारायचं.

चुलीजवळ

गॅस फक्त मोठ्यांकडे. दुसरीपर्यंतची मुलं धुतात, सोलतात, निवडतात, चौथी-पाचवी किसतात, सुरी सहावीपासून, विळी नाहीच. शेंगदाणे आणि तीळ काही मुलांना सोसत नाहीत, पालकांना आधी विचारून यादी भिंतीवर लावा.

भुट्ट्याच्या किसासाठी दाण्याला नख लावून बघा. पाण्यासारखं आलं तर कोवळा, काहीच आलं नाही तर जून. दूध आलं की तोडा आणि लगेच किसा, कारण तोडल्यापासून दाण्यातली साखर पिठूळ होत जाते. ४० मुलांना वाटीभर चव म्हणून २० भुट्टे. कणीस बुडाशी धरून वरचे दोन तृतीयांशच मुलांनी किसायचे, उरलेला भाग मोठ्यांनी. बोटांची सालं शेवटच्या इंचात जातात. जाड बुडाच्या कढईत १५० ग्रॅम तूप, जिरं, हिंग, वाटलेली मिरची, मग कीस, मंद आचेवर १५ मिनिटं. तूप सुटू लागलं की पाऊण लिटर दूध थोडं थोडं, आणखी १५-२० मिनिटं, हात न थांबवता. मीठ, चमचाभर साखर. लिंबू खाली उतरवल्यावरच, नाहीतर दूध फाटतं.

ऋषिपंचमीची भाजी ४० जणांना चार किलो : अळूची २० पानं देठांसह, लाल भोपळा आणि दोडका पाऊण-पाऊण किलो, सुरण, भेंडी, गवार अर्धा-अर्धा किलो, दोन जुड्या माठ, भुट्ट्याच्या चकत्या, भिजवलेले शेंगदाणे १५० ग्रॅम. अळूत आणि सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला खाजतात. ही दोन्ही मोठ्यांनी, हाताला तेल लावून चिरायची. आधी सुरण, भुट्टा, शेंगदाणे आणि गवार १० मिनिटं. मग अळू, भोपळा आणि ५० ग्रॅम चिंचेचा कोळ, आणखी १५ मिनिटं. शेवटी दोडका, माठ, भेंडी. मीठ सपाट आठ चमचे, मिरच्या सहा. तेल-मसाला नाही. घाई केली तर घसा खाजतो, म्हणून वाढण्याआधी एका मोठ्याने अळूचा देठ खाऊन बघायचा.

भोगीच्या भाजीत वांगी १ किलो, गाजर पाऊण, वालपापडी अर्धा, सोलाणे (ओला हरभरा) आणि मटार पाव-पाव, भाजून कुटलेले तीळ १०० ग्रॅम, दाण्याचं कूट १५०, गोडा मसाला तीन मोठे चमचे, गूळ, चिंच. बोरं घालतात, पण लहान मुलांच्या भाजीत बी काढूनच. तीळ आपल्याच वाफ्यातले असावेत : सप्टेंबरअखेर खालची बोंडं पिवळी पडली की झाडं कापून, जुडी बांधून कापडावर उभी करा. चार दिवस उशीर झाला तर बोंडं तडकतात आणि सगळे तीळ मातीत.

भाकरीला ३ किलो बाजरीचं पीठ, चाळीस लहान भाकऱ्या. पीठ आठ दिवसांच्या आत दळलेलं. जुनं कडू लागतं. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी कडकडीत हवं आणि एका वेळी एकाच भाकरीचा गोळा तळहाताच्या टाचेने मळायचा. मुलांच्या पहिल्या दहा भाकऱ्या फाटतात. त्याही तव्यावर टाका, वर तीळ लावून.

मार्चमध्ये भेंडीच्या राखून ठेवलेल्या वाळक्या शेंगा, वाल, तीळ, हरभरा यांचं बी काढा, दोन दिवस सावलीत वाळवून राख घालून काचेच्या बरणीत भरा, वर पिकाचं नाव आणि गटातल्या मुलांची नावं. दोडका-गिलक्याचं बी ठेवायचं तर शेजारी त्याच जातीचा दुसरा वाण नको. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वाफे भिजवून पारदर्शक प्लास्टिकने कडा मातीत दाबून झाका. मे महिन्याच्या उन्हात चार-सहा आठवड्यांत तणाचं बरंच बी भाजून निघतं. प्लास्टिक जूनच्या पहिल्या आठवड्यात काढा, आणि बरण्या त्याच गटांच्या हातात द्या, जरी त्यांची इयत्ता आता पुढे गेलेली असली तरी.